खासदारकीला एक, आमदारकीला दुसराच: आपल्या भागाचा निकाल बूथनिहाय कसा वाचायचा

"लोकसभेला तालुक्यानं एवढं लीड दिलं, मग आमदारकीला ती मतं गेली कुठं?" नोव्हेंबर २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी हा एकच प्रश्न होता. तो वावगाही नव्हता. एप्रिल-मे महिन्यांत मतदान झालेल्या लोकसभेला राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा आघाडीला मिळाल्या होत्या, महायुतीला १७, आणि सांगलीत अपक्ष विशाल पाटील निवडून आले होते. सहा महिन्यांनी विधानसभेच्या २८८ जागांपैकी महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी २३० घेतल्या आणि आघाडीचे तीन पक्ष मिळून ४६ वर अडकले.

टीव्हीवर याचं उत्तर चटकन मिळतं: मतदारांनी कौल फिरवला. माझं म्हणणं असं की बऱ्याच ठिकाणी मतदारानं काही फिरवलं नाही. त्याला मे महिन्यात एक प्रश्न विचारला होता, नोव्हेंबरात दुसरा, आणि त्यानं दोन्हींची वेगवेगळी उत्तरं दिली. हे तुमच्या भागात खरं आहे की नाही हे तुम्हीच तपासू शकता. लागणारे बहुतेक कागद सरकारी आणि फुकट आहेत. मी हे काम आधी एका साप्ताहिकासाठी करत होतो, आता सवय म्हणून करतो. तालुक्याचे वार्ताहर, राज्यशास्त्राचे विद्यार्थी आणि पहिल्यांदाच झेडपी लढवायला निघालेले कार्यकर्ते सुरुवातीला जिथं ठेचकाळतात, त्या जागा इथं दाखवतो.

१. प्रश्न एका ओळीत लिहा

"आमच्या तालुक्याचं राजकारण समजून घ्यायचंय" हा प्रश्न नव्हे. "लोकसभेला आघाडीला लीड देणाऱ्या बूथांपैकी किती बूथांनी विधानसभेला महायुतीला लीड दिलं, आणि ते कुठले?" हा प्रश्न आहे. किंवा, "झेडपी गटात (म्हणजे झेडपीच्या एका मतदारसंघात) निवडून आलेल्या पक्षाला त्याच गावांत आमदारकीला किती मतं होती?" प्रश्न जितका लहान, तितके आकडे कमी लागतील आणि काम पुरं होण्याची शक्यता वाढेल. पहिल्या वेळी एकच विधानसभा मतदारसंघ घ्या. अख्खा जिल्हा घेऊन बसलेले बहुतेक जण तिसऱ्या तालुक्यात दमतात.

२. कागद आणि साधनं जमवा

- फॉर्म २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक. यात प्रत्येक बूथवर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मतं असतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय पीडीएफ मिळतात. लोकसभेचा फॉर्म २० सुद्धा विधानसभा मतदारसंघांप्रमाणे तुकड्यातुकड्यांत असतो. आपल्या कामाला तो त्यामुळेच सोयीचा.
- दोन्ही निवडणुकांच्या मतदान केंद्रांच्या याद्या, केंद्राचं नाव आणि त्याला जोडलेल्या वाड्या-वस्त्यांसह.
- मतदार यादीतली बूथनिहाय एकूण मतदारसंख्या.
- उमेदवारांची यादी, चिन्हांसकट. चिन्हाचा रकाना का लागतो ते पुढे येईल.
- स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाचे प्रभागनिहाय किंवा गट-गणनिहाय निकाल. आयोग दोन आहेत हे डोक्यात पक्कं असू द्या. लोकसभा-विधानसभा घेतो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग. एकाचे कागद दुसऱ्याच्या संकेतस्थळावर शोधण्यात नवखा माणूस संध्याकाळ घालवतो.
- एक्सेल किंवा गुगल शीट्स. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.
- तालुक्याचा नकाशा, आणि गावोगाव फिरलेला एखादा जुना पोलिंग एजंट, म्हणजे बूथवर बसणारा उमेदवाराचा माणूस. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर एजंट धरा.

स्थानिक निवडणुकांचे बूथनिहाय आकडे संकेतस्थळावर मिळतीलच असं नाही. मग तहसील किंवा पालिकेच्या निवडणूक शाखेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात "निवडणुकीची सर्व माहिती" असं मोघम लिहू नका. निवडणुकीचं नाव, तारीख, प्रभाग किंवा गट लिहून "केंद्रनिहाय उमेदवारांना मिळालेल्या मतांचा तक्ता" असं नेमकं मागा. आणि निकालानंतर लवकर मागा. निवडणुकीचे कागद कायम जपून ठेवलेले नसतात.

३. फॉर्म २० वाचायला शिका

पहिल्यांदा उघडाल तेव्हा जीव दडपेल. बरेचदा पान आडवं आणि स्कॅन तिरका असतो. उमेदवारांची नावं उभी छापलेली, त्यामुळे मान वाकडी करून वाचावी लागतात. डावीकडे केंद्राचा क्रमांक, मग उमेदवारवार मतं, मग वैध मतांची बेरीज, त्यानंतर नोटा ("यापैकी कुणी नाही" हा पर्याय), आणि मग एकूण. नोटा वैध मतांच्या बेरजेत धरलेला नसतो. टक्केवारी काढताना एकदा नोटासकट आणि एकदा नोटाशिवाय भागलं, की दोन तक्ते आपसांत कधीच जुळत नाहीत.

शेवटच्या पानावर तीन ओळी बघा: यंत्रावरची एकूण मतं, टपाली मतं, आणि दोहोंची बेरीज. टपाली मतं कुठल्याही बूथला जोडलेली नसतात, त्यामुळे तुमची बूथांची बेरीज जाहीर निकालापेक्षा थोडी कमी येणारच. थोडी म्हणून सोडून मात्र देऊ नका. २०२४च्या लोकसभेत मुंबई वायव्य मतदारसंघात यंत्रावरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले.

आकडे शीटमध्ये उतरवताना १ आणि ७, ३ आणि ८ यांची अदलाबदल होते. आपोआप वाचणाऱ्या अॅपवर भरवसा टाकला तर हमखास. उपाय सोपा आहे: प्रत्येक ओळीची आडवी बेरीज छापील बेरजेशी आणि प्रत्येक उमेदवाराची उभी बेरीज शेवटच्या पानाशी ताडून बघायची. दोन्ही जुळल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही.

४. हद्दी तपासा

महाराष्ट्रात ४८ लोकसभा आणि २८८ विधानसभा मतदारसंघ आहेत, म्हणजे एका खासदाराखाली सहा आमदार. इथपर्यंत सरळ. पण जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एकच समजलात की फसलात. मावळ लोकसभेत पुणे जिल्ह्यातले मावळ, चिंचवड, पिंपरी आहेत, तसेच रायगडातले पनवेल, कर्जत, उरणही. माढ्यात सोलापूरचे चार आणि साताऱ्याचे फलटण, माण. नांदेड जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत, पण किनवट आणि हदगाव हिंगोली लोकसभेत मोडतात, लोहा लातूरमध्ये. "जिल्ह्यानं खासदाराला एवढी मतं दिली" हे वाक्य लिहिण्याआधी नकाशा उघडा.

आताचे मतदारसंघ २००९च्या निवडणुकांपासून लागू आहेत. त्याआधीच्या आकड्यांशी बूथ पातळीवर तुलना करू नका. नाव तेच असलं तरी गावं वेगळी असतात.

५. बूथ जुळवा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि बहुतेक चुका इथंच होतात. मे महिन्यातलं १४७ क्रमांकाचं केंद्र नोव्हेंबरात १४७ असेलच असं नाही. मतदार वाढले की बूथ फुटतो, शाळा पडकी झाली की केंद्र हलतं, मध्ये एक बूथ वाढला की पुढचे सगळे क्रमांक एकानं सरकतात. क्रमांकावर क्रमांक ठेवून तुलना केली तर एका गावाची लोकसभा आणि शेजारच्या गावाची विधानसभा एका ओळीत येते, आणि मग "धक्कादायक मतांतर" सापडतं. असले धक्के बऱ्याचदा शीटमधल्या चुकीतून आलेले असतात.

म्हणून क्रमांक बाजूला ठेवा आणि केंद्राचं नाव व जोडलेला भाग यावरून जुळवा. फुटलेले बूथ पुन्हा एकत्र करून बेरीज घ्या. मोठ्या गावात सहा-सात बूथ असतील आणि कुठली वस्ती कुठं गेली ते कळत नसेल, तर हट्ट सोडा आणि अख्खं गाव एक ओळ धरा. शहरात हे अवघड जातं. तिथं सोसायट्यांमध्ये नवी केंद्रं निघाली आहेत, त्यामुळे जुन्या चार-पाच बूथांचा एक पुंजका करून तोच एक घटक मानावा.

जुळवणी झाली की प्रत्येक ओळीत एकूण मतदार आणि झालेलं मतदान हे दोन रकाने घाला. राज्यात लोकसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झालं होतं, विधानसभेला ६६ टक्के. यादीही वाढली होती: साधारण ९ कोटी ३० लाखांवरून ९ कोटी ७० लाखांवर. या वाढीवर विरोधकांनी आक्षेप घेतले, आयोगानं ते फेटाळले, तो वाद आपल्या विषयाबाहेरचा. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की दोन्ही वेळा मत देणारी माणसं तीच नव्हती. एखाद्या उमेदवाराची मतं जशीच्या तशी राहिली आणि समोरच्याची वाढली, तर पहिल्याची मतं फुटली असा अर्थ होत नाही. दुसऱ्यानं घरी बसलेले बाहेर काढले असंही असू शकतं. यासाठी मतांची टक्केवारी दोन प्रकारे काढा, झालेल्या मतदानावर आणि एकूण मतदारांवर. दोन्ही एकाच दिशेनं गेल्या तरच बोला.

६. पक्षाच्या नावावर विसंबू नका

महाराष्ट्रात २०१९ ते २०२४ या काळाचा पक्षवार तक्ता करणं म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ ओढणं आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण आणि नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये शिंदे गटाला मिळालं, घड्याळ फेब्रुवारी २०२४ मध्ये अजित पवार गटाला. २०१९ची "शिवसेनेची मतं" २०२४ मध्ये कुठल्या रकान्यात घालणार? पाहिजे तिथं घाला, दुसरा कुणीतरी भांडायला येईलच. म्हणून तीन वेगळे रकाने ठेवा: पक्ष, आघाडी, उमेदवार. निष्कर्ष कुठल्या रकान्यावर उभा आहे ते प्रत्येक वेळी लिहा.

स्वबळाची शेवटची उघड मोजणी हवी असेल तर २०१४ची विधानसभा बघा. चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले: भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. दहा वर्षांहून जुनी असली तरी कुठल्या तालुक्यात कुणाची मुळं होती ते त्या फॉर्म २० मध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं नंतरच्या कुठल्याही निवडणुकीत दिसत नाही.

राज्याची टक्केवारीही अशीच चकवते. २०२४च्या विधानसभेत शरद पवार गटाला ११ टक्क्यांवर मतं पडली आणि जागा मिळाल्या १०. अजित पवार गटाला ९ टक्के मतं आणि जागा ४१. व्हॉट्सअॅपवर हे दोन आकडे शेजारी ठेवून बरंच काही सिद्ध केलं गेलं. पण पहिला गट ८६ जागा लढला होता आणि दुसरा ५९. जास्त जागा लढवल्या की राज्याच्या बेरजेत मतं जास्त दिसतात. तुलना करायचीच असेल तर लढवलेल्या जागांवरच्या मतांची करा, आणि त्याहून चांगलं म्हणजे दोघे आमनेसामने होते तेवढेच मतदारसंघ घ्या.

आता चिन्हाचा रकाना. २०२४च्या लोकसभेला शरद पवार गटाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्षांना मिळणाऱ्या मुक्त चिन्हांत होती पिपाणी. साताऱ्यात त्या गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, आणि पिपाणीवाल्या अपक्षाला पडली ३७ हजारांवर मतं. दिंडोरीत पिपाणीला लाखाच्या वर मतं गेली, तरी त्याच गटाचे भास्कर भगरे निवडून आले. ही सगळी मतं चुकून पडली असं छातीठोक सांगता येत नाही. पण ज्याचा प्रचार कुणी ऐकला नाही असा अपक्ष गावोगाव सारख्या प्रमाणात मतं घेऊन जातो, तेव्हा चिन्ह बघा, आणि आडनावही बघा. नामसाधर्म्याचा उमेदवार उभा करणं ही आपल्याकडची जुनी कला आहे.

७. एकाच दिवसाच्या दोन मतदानांपासून सुरुवात करा

मे आणि नोव्हेंबरची तुलना करताना मधे सहा महिने असतात. त्यात योजना येतात, भाव पडतात, माणसं पक्ष बदलतात. काय कशामुळे झालं हे सांगणं कठीण. पण कधीकधी लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी येते. तेच केंद्र, तोच दिवस, तीच माणसं, दोन यंत्रं. मतदाराचं मन वाचायला याहून चांगली संधी मिळत नाही, आणि महाराष्ट्रात ती अलीकडे दोनदा आली.

पहिली साताऱ्यात, २१ ऑक्टोबर २०१९ रोजी. उदयनराजे भोसले मे महिन्यात राष्ट्रवादीकडून खासदार झाले, राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांकडून ८७,७१७ मतांनी हरले. त्याच दिवशी सहा विधानसभा जागांची वाटणी झाली ती बरोबर निम्मी: सातारा, कोरेगाव, पाटण युतीकडे, वाई, कराड उत्तर, कराड दक्षिण आघाडीकडे. म्हणजे युतीचे आमदार निवडून देणाऱ्या काही मतदारांनी खासदारकीला युतीचा उमेदवार नाकारला. शरद पवारांच्या पावसातल्या सभेची आठवण सगळे काढतात. पण ती सभा दोन्ही यंत्रांसाठी होती, मग एकाच यंत्रावर जास्त परिणाम का दिसला? उमेदवाराची पक्षबदलू प्रतिमा हे उत्तर मला जास्त पटतं.

दुसरी नांदेडमध्ये, २० नोव्हेंबर २०२४ रोजी. खासदार वसंतराव चव्हाणांच्या निधनामुळे पोटनिवडणूक लागली. त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण काँग्रेसकडून उभे होते, भाजपकडून संतुकराव हंबर्डे. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीनं जिंकल्या. आणि लोकसभा? काँग्रेस, १,४५७ मतांनी. सहापैकी सहा आमदार एका बाजूचे आणि खासदार दुसऱ्या बाजूचा, तेही एकाच दिवशी.

अशा निकालात बूथवर काय मोजायचं ते एका काल्पनिक आकड्यानं सांगतो. समजा एका केंद्रावर लोकसभेच्या यंत्रात काँग्रेसला ३२० आणि विधानसभेच्या यंत्रात काँग्रेसला २६०. दोन्हीकडे एकूण मतदान सारखंच. तर किमान ६० माणसांनी लोकसभेला काँग्रेस आणि विधानसभेला दुसरं कुणी, असं मत दिलं. "किमान" हा शब्द खोडू नका. कारण १०० जण या बाजूनं त्या बाजूला आणि ४० जण उलटे गेले असतील तरी फरक ६०च दिसतो. बूथचे आकडे तुम्हाला निव्वळ फरक सांगतात, कोण कुठून कुठं गेलं ते सांगत नाहीत.

इथंच सगळ्यात मोठा सापळा आहे. ज्या बूथवर अमुक समाज जास्त आणि अमुक पक्षाची मतं कमी, तिथं "त्या समाजानं मत दिलं नाही" असं लिहिण्याचा मोह होतो. त्या बूथवर उरलेल्या तीस टक्के लोकांनी काय केलं हे तुम्हाला माहीत नसतं. जातीचा अंदाज बूथच्या आकड्यावरून काढायचाच नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ते काम लोकनीतीसारख्या संस्था मतदानोत्तर सर्वेक्षणातून माणसांना विचारून करतात. आपल्याकडे तेवढी माणसं नाहीत आणि तो नमुनाही नाही.

८. मग सहा महिन्यांच्या फरकाकडे वळा

बारामती घ्या. मे २०२४ मध्ये सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्या. त्यात एकट्या बारामती विधानसभा क्षेत्रातून सुमारे ४८ हजारांचं लीड होतं. त्याच लोकसभेत खडकवासल्यात मात्र त्यांच्या विरोधातल्या सुनेत्रा पवार पुढे होत्या, म्हणून "बारामती लोकसभेनं असं केलं" म्हणतानाही सहा तुकडे वेगळे करा. नोव्हेंबरात बारामती विधानसभेत अजित पवार १,००,८९९ मतांनी जिंकले, समोर शरद पवार गटाचे युगेंद्र पवार होते. वरवर पाहिलं तर दीड लाखाचा झोका. पण "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा" ही घोषणा लोकसभेच्या आधीपासूनच तिथं ऐकू येत होती. मतदारानं दोन्ही मतं आधीच ठरवून ठेवली असतील तर त्याला झोका म्हणायचं का?

राज्यभर मात्र एकच कारण लावू नका. मराठवाड्यात आरक्षण आंदोलनाचा ताण लोकसभेला उघड दिसला. आठपैकी सात जागा आघाडीकडे गेल्या आणि बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या. कांदा पट्ट्यात निर्यातबंदीचा राग होता. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यात यायला लागले. तुमच्या शीटमध्ये स्त्रियांच्या मतदानाचा रकाना असेल तर तो जरूर बघा, पण स्त्रियांचं मतदान वाढलं आणि महायुतीची मतं वाढली, एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं सिद्ध होत नाही.

लढत किती फुटली हे एका आकड्यात हवं असेल तर लाक्सो आणि टागेपेरा या अभ्यासकांनी १९७९ मध्ये दिलेलं सूत्र वापरा. प्रत्येक उमेदवाराचा मतांचा वाटा दशांशात घ्या, वर्ग करा, बेरीज करा आणि १ ला त्या बेरजेनं भागा. दोघांत निम्मी-निम्मी मतं असतील तर उत्तर २ येतं. ४०, ३०, २०, १० टक्के अशी वाटणी असेल तर ३.३ च्या आसपास. हाच आकडा लोकसभा, विधानसभा आणि झेडपीसाठी काढा. आमदारकीला दोनाच्या जवळ असलेला तालुका झेडपीला चाराकडे सरकला, तर बंडखोर आणि स्थानिक आघाड्यांनी किती जागा खाल्ली ते कळतं.

युरोपातल्या अभ्यासात एक कल्पना सतत भेटते: देशाची निवडणूक मुख्य, बाकीच्या दुय्यम, दुय्यमला मतदान कमी होतं आणि देशातल्या सत्ताधाऱ्याला फटका बसतो. ती जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पुण्या-मुंबईहून गाड्या भरून मतदार येतात, लोकसभेला तेच लोक सुट्टी म्हणून झोपतात. गावासाठी मुख्य निवडणूक कोणती हे गावच ठरवतं. गोव्यात तर आमदारकीचाच मतदारसंघ इतका लहान, की उमेदवार निम्म्या घरांना नावानिशी ओळखतो. तिथं पक्षाचा रकाना आणखीनच कमी बोलतो.

९. झेडपी, पालिका, ग्रामपंचायत: इथं नियमच वेगळे

झेडपीला मतदार दोन मतं देतो, एक गटाला आणि एक पंचायत समितीच्या गणाला. एका गटात दोन गण. म्हणजे नांदेडसारखा प्रयोग प्रत्येक झेडपी निवडणुकीत घरबसल्या मिळतो, आणि तो कुणी फारसा बघत नाही. नगरपरिषदेत थेट नगराध्यक्षाचं मत आणि नगरसेवकांची मतं यांचीही तशीच तुलना होते.

महापालिकेत मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचे प्रभाग आहेत. मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी मत असतं. चारही जागांची मतं एकत्र करून "प्रभागात पक्षाला इतकी मतं" असं लिहिलं, की एक माणूस चारदा मोजला जातो. मग शहरात मतदारांपेक्षा मतं जास्त निघतात. जागा जागेशीच ताडा. त्यात एक गंमतही दिसते: एकाच पॅनलच्या चार उमेदवारांत पाचशे-हजारांचा फरक पडतो. पॅनल टू पॅनल मतदान झालं नाही याचा पुरावा तोच.

आघाड्याही गावागणिक बदलतात. जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये भाजप आणि अजित पवारांची राष्ट्रवादी हे राज्यातले मित्र एकमेकांविरुद्ध लढले, आणि राष्ट्रवादीचे दोन्ही गट एकत्र आले. तेव्हा "महायुती" हा रकाना प्रत्येक पालिकेसाठी नव्यानं भरावा लागतो. शहर विकास आघाडी नावाखाली कोण कोण आहे हे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय भरूच नका.

आरक्षणाचा रकाना विसरू नका. निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत आणि सोडत बदलत राहते. पाच वर्षं काम केलेल्या सदस्याची जागा आरक्षित झाली, त्यानं घरातलं कुणी उभं केलं किंवा शेजारचा गट गाठला, की मतं हलतात. तो पक्षाचा चढ-उतार नसतो.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं. निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष मिळून जेवढे सरपंच सांगतात तेवढ्या ग्रामपंचायतींची निवडणूकच झालेली नसते. ते आकडे शीटमध्ये घेऊ नका.

१०. गावात जाऊन विचारा

शीटमध्ये जे पाच-सहा बूथ सगळ्यात जास्त हलले, तिथं जा. "कुणाला मत दिलं?" हे कधीच विचारायचं नाही. खरं उत्तर मिळणार नाही, आणि मिळालं तर सांगणाऱ्याची पंचाईत. त्याऐवजी विचारा:

- दोन्ही वेळा बूथवर कुणाकुणाचे पोलिंग एजंट बसले होते? तोच माणूस होता का?
- स्लिपा कुणी वाटल्या?
- पुण्या-मुंबईचे मतदार आणायला गाड्या कधी आल्या, कधी आल्या नाहीत?
- गावातले दोन मोठे गट साखर कारखान्याच्या किंवा विकास सोसायटीच्या निवडणुकीत कुणाबरोबर होते?

शेवटच्या प्रश्नातून सगळ्यात जास्त उलगडतं. एखाद्या बूथवर दीडशे मतं का हलली याचं कोडं राज्याच्या राजकारणात शोधावं, तर उत्तर निघतं सोसायटीच्या चेअरमनकीत. लोकसभेला दोन्ही गट तटस्थ राहिलेले असतात, आमदारकीला एकाला शब्द दिलेला असतो.

११. छापण्याआधी

फॉर्म २० सार्वजनिक आहे, तो वापरायला हरकत नाही. पण दोनशे-अडीचशे मतदारांचा वस्तीवरचा बूथ असेल तर नाव घालून "या वस्तीनं अमक्याला मत दिलं नाही" असं छापू नका. निवडून आलेला माणूस मायनस बूथची (जिथं तो मागे पडला त्या बूथांची) यादी खिशात ठेवतो, आणि त्या वस्तीचा रस्ता किंवा पाण्याची टाकी मागे पडू शकते. लहान बूथ शेजारच्या बूथांत मिळवून आकडा द्या.

तक्त्याखाली तीन गोष्टी लिहा: टपाली मतं धरली की नाही, टक्केवारी कशावर काढली, आणि किती बूथ जुळले नाहीत. तिसरा आकडा लपवायची गरज नाही. तालुक्यातल्या तीनशे बूथांपैकी वीस जुळले नाहीत तर चालतं. ऐंशी जुळले नाहीत तर बूथांचा नाद सोडून गाव किंवा झेडपी गट हा घटक धरा आणि पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.